बावीस मिलिलिटर सेज

भोरच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. म्हणजे प्राध्यापक ज्या परीक्षानळीकडे बोट दाखवून ‘आता बघा हं, रंग बदलेल’ असं मुलांना सांगत, ती नळी वेळेवर रंग बदलेल अशी तजवीज करून मी कपाटाशेजारी उभा असे. रंग बदलला की शास्त्राचा विजय; नाही बदलला की ‘आनंदराव, आज काय गडबड केलीत?’ त्या एकतीस वर्षांत कॉलेजातून चौदा शोधनिबंध छापून आले. चौदाही निबंधांची भांडी मी घासली. एका निबंधाच्या शेवटी माझे आभार मानले होते, पण तिथं आनंदचा अनंत झाला होता. हा अनंत कोण, असं नलूने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं तेव्हा मी चहा मागितला.

एवढी ओळख पुरे. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर सुलक्षणा घरी आली. ही आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टरेट आहे, आणि तरीही मला काका म्हणते. तिने पर्समधून बियांची एक पुडी काढून टीपॉयवर ठेवली.

“काका, हे सेज. तुळशीच्या कुळातलंच झाड. परदेशात याच्या पानांचं तेल आणि अर्क घेऊन जंतूंवर काय परिणाम होतो, हे ढिगाने तपासलंय. पण आपल्या मावळातल्या मातीत वाढलेल्या सेजमध्ये काय उतरतं, ते कुणीच पाहिलेलं नाही. मला वीस मिलिलिटर तेल मिळालं तर मी तपासते. तेल काढायला तुमच्यासारखा हात मला पुण्यात मिळत नाही. निबंधावर तुमचं नाव.”

“आभारात?” मी विचारलं.

“लेखकांत.”

नीरेवरून वारा येत होता. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर, त्यामागच्या डोंगरावर, डोंगरावरच्या ढगावर, जिथं बघावं तिथं मला स्वतःचं नाव छापलेलं दिसू लागलं. ठळक अक्षरांत. अनंत नव्हे, आनंद. माझ्या स्वभावात ही एक खोट आहे. डोळे उघडे असतात, पण मी जागा नसतो. नलू म्हणते, लग्नातसुद्धा मंगलाष्टकं चालू असताना मी भलतीकडेच बघत होतो.

“शेज?” सुलक्षणा गेल्यावर नलू म्हणाली. “शेज म्हणजे अंथरूण ना?”

“सेज. झाड आहे. औषधी.”

“झोपेचं औषध असेल. तुम्हाला त्याची काय गरज?”

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून मी बिया पेरल्या. आमच्या गॅलरीला लागून कुमारची गॅलरी आहे. कुमार विम्याची कामं करतो आणि उरलेला दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघतो, त्यामुळे त्याला कुठल्याही विषयातलं पहिल्या सात मिनिटांचं ज्ञान असतं. सेजबद्दल त्याने मला सांगितलं की ते पिझ्झ्यावर टाकतात, त्याने केस काळे होतात, चिया म्हणून जे वजन उतरवायला खातात ते याचंच भावंड, आणि परदेशात भुतं घालवायला त्याचा धूप घालतात. यातलं चियाचं खरं निघालं, म्हणून बाकीचंही खरं असेल अशी मला भीती वाटत राहिली.

रोपं चांगली वीतभर झाली आणि एकाएकी माना टाकू लागली. सेजला पाणी बेताचं लागतं. मी तीन दिवसांआड चमच्याने पाणी घालत होतो, तरी माती ओली चिंब. पाचव्या दिवशी उलगडा झाला. कुमार रोज सकाळी आपल्या गॅलरीतून पाइप लांबवून माझ्या रोपांना पाणी घालत होता.

“तहानलेली दिसली हो बिचारी,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी भूतदया होती, की मला रागावताही येईना.

उरलेल्या दोनशे दहा रोपांना जमीन हवी होती. उत्रोलीत माझ्या मेव्हण्याचं भातखाचर आहे, पण त्यात पाय घातला की चप्पल परत मिळत नाही. तिथं सेज कुजलं असतं. मग मला चिमाजी आठवले. गुंजवण्याचे चिमाजी दर वर्षी आमच्याकडे तांदूळ घेऊन येतात, चहा पितात आणि जाताना नलूला ‘ताई, ह्या वर्साला तांदूळ जरा नवा हाय, पानी बेतानं घाला’ असं बजावून जातात. मी फोन केला.

“जिमीन हाय की मास्तर,” ते म्हणाले. “वरच्या अंगाला, उताराची. तितं भात येत न्हाई. नाचणी येती, ती रानडुकरं खात्यात. तुमचं झाड डुक्कर खातं का?”

“बहुतेक नाही. कडू आहे.”

“मंग आना.”

दोनशे दहा रोपं घेऊन भोरहून नसरापूरला एसटीने आणि तिथून वडापच्या जीपने गुंजवण्याला जाणं, हा एक वेगळाच अध्याय आहे. एसटीत माझ्या मांडीवर दोन ट्रे होते, नलूच्या मांडीवर दोन, आणि एक ट्रे एका अनोळखी गृहस्थांनी आपणहून मांडीवर घेतला. ते नसरापूरला उतरेपर्यंत त्या पानांवर बोट फिरवत राहिले आणि जाताना एवढंच म्हणाले, “सशाचे कान आहेत हो अगदी.” सेजची पानं तशीच असतात, राखाडी हिरवी आणि मऊ. मला वाटलं, सुरुवात शुभ झाली.

इथंच थांबलो असतो तर पुढचं टळलं असतं. पण मला कागदोपत्री नीट असण्याची खोड आहे. दुसऱ्याच्या जमिनीत प्रयोग करायचा, तर ग्रामपंचायतीला कळवलेलं बरं. “कशापायी?” असं चिमाजींनी चारदा विचारलं. तरी मी अर्ज लिहिला. तालुका वेल्हे लिहावं की नव्या नावाप्रमाणे राजगड, यात माझी एक सकाळ गेली. शेवटी दोन्ही लिहिलं. आणि विषय लिहिला, ‘मौजे गुंजवणे येथे प्रायोगिक तत्त्वावर सेज उभारणेबाबत.’

‘लावणेबाबत’ लिहायला हवं होतं. पण सरकारी मराठीत हात एकदा वळला की काहीही उभारलंच जातं.

तिसऱ्या दिवशी चिमाजींचा फोन आला. आवाज पडलेला होता. “मास्तर, जरा येऊन जावा. गाव जमलंय.”

मी आणि नलू पोचलो तेव्हा मारुतीच्या देवळासमोर पन्नासेक माणसं बसली होती. माझा अर्ज मोठ्याने वाचला गेला होता, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं ‘सेझ’. ते विशेष आर्थिक क्षेत्र. ज्याच्यासाठी आधी मोजणी होते, मग जमिनी घेतल्या जातात, मग कुंपण पडतं. ज्या गावाने धरणाला एकदा जमिनी दिलेल्या आहेत, त्या गावाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यात मी रोपं लावताना ओळी सरळ याव्यात म्हणून मोजपट्टी धरली होती आणि चुन्याने खुणा केल्या होत्या. ते दोन दिवस सगळ्या गावाने पाहिलं होतं.

“कंपनी कंची?” एकाने विचारलं.

“कंपनी नाही. मी निवृत्त प्रयोगशाळा सहायक आहे.”

“समदे आदी असंच सांगत्यात.”

मी उभं राहून तुळशीच्या कुळाबद्दल, बाष्पनशील तेलांबद्दल, जंतूंबद्दल बोललो. जितकं जास्त बोललो तितके चेहरे बंद होत गेले. शुद्ध मराठीत बोलणारा, चष्मा लावलेला, पट्टीने जमीन मोजणारा माणूस. मी स्वतः त्या गर्दीत असतो तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता. इतक्या माणसांनी आपल्याकडे असं बघावं, असं मी आयुष्यात काही केलेलं नव्हतं.

तेवढ्यात चिमाजींच्या मंडळी, धोंडाबाई, पदरात पाला घेऊन आल्या. त्या उतारावर जाऊन आल्या होत्या. त्यांनी एक पान चावलं, तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकल्या.

“लई कडू हाय,” त्यांनी जाहीर केलं. “कंपनीवालं पैल्यांदा ग्वाड देत्यात. ह्यो मानूस खुळा असंल, पर कंपनीचा न्हाई. घ्या, बगा वास.”

पानं हातोहात फिरली. लोकांनी ती चुरगळून नाकाशी नेली आणि हळूहळू देवळासमोरचा गलका विरत गेला. गेनबा नावाचे एक म्हातारे हात नाकाशी तसाच धरून बसले होते. “माज्या आयच्या लुगड्याच्या पेटीत असला वास यायचा,” ते म्हणाले, कुणाला असं नाही. मग दुसऱ्याला कापूर आठवला, तिसऱ्याला लहानपणी छातीला चोळलेलं काहीतरी. थोड्या वेळाने माणसं उठून आपापल्या कामाला गेली. माझा अर्ज कुणीतरी घडी करून मला परत दिला. ‘खुळा’ हे माझं चारित्र्य प्रमाणपत्र आता गावाच्या साक्षीने कायम झालं होतं. नलूने परतीच्या वाटेवर ते दोनदा हळूच उच्चारून पाहिलं.

त्यानंतरचे तीन महिने मी नक्की कुठं होतो, ते मला सांगता येणार नाही. आठवड्यातून दोनदा मी गुंजवण्याला जायचो. सकाळी धुक्यात खालचं धरणाचं पाणी दिसायचं नाही, वर राजगड दिसायचा नाही. मध्ये फक्त तो उताराचा तुकडा आणि त्यावर दोनशे दहा राखाडी झुडपं, जमिनीपासून थोडी वर तरंगल्यासारखी. मी बांधावर बसायचो. ऊन वर आलं की पानांतून वास सुटायचा. मग डोंगर एकेक करून बाहेर यायचे, आणि मला वाटायचं, ते माझ्या मागेच आलेत, बघायला. चिमाजी येऊन शेजारी बसायचे. एकदा असे आम्ही बसलो असताना मी विचारलं, किती वाजले असतील? ते म्हणाले, “जेवान झालं की तुमचं.” मला आठवेना.

फेब्रुवारीच्या अखेरीला पाला तोडला. नऊ किलो भरला. तेल काढायला मी प्रयोगशाळेच्या पद्धतीने, पण मोठ्या मापात, यंत्र जुळवलं होतं. दुधाचा मोठा कॅन, त्यात पाणी आणि पाला, खाली तीन दगडांची चूल. झाकणातून निघालेली तांब्याची नळी ओढ्याच्या गार पाण्याच्या पिंपातून वेटोळे घेऊन बाहेर यायची, आणि तिच्या तोंडाशी काचेचं तोटीचं नरसाळं. झाकणाच्या फटीतून वाफ जाऊ नये म्हणून नलूने कणीक मळून सांधे लिंपले. एकतीस वर्षांत मी इतकं सुबक काही जुळवलं नव्हतं. धोंडाबाई त्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि चिमाजींना म्हणाल्या, “आवो, ह्ये तर आपल्या...” चिमाजी घाईने खोकले. मी काहीच ओळखलं नाही. शास्त्रीय दृष्टी असली की समोरचं दिसत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

पहिला थेंब पडला तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. मग दुसरा. पाणी खाली बसत होतं आणि त्यावर केसाएवढा पिवळसर थर जमत होता. तेच तेल. वाफ फार नव्हती, पण त्या खळग्यात वारा नव्हता, आणि वास साचत गेला. कापूर, निलगिरी, ओली वही, कधीतरी बंद केलेलं कपाट. तीन घाणे काढायचे होते. दुसऱ्या घाण्याला नलू झाडाला टेकून शाळेतली कविता पुटपुटत होती. चिमाजी डोळे मिटून हसत होते. थेंबाथेंबाला माझं नाव थोडं थोडं ठळक होत होतं.

जीप कधी आली, कुणालाच कळलं नाही.

रस्त्यावरून धूर बघून कुणीतरी कळवलं असावं. ज्या खात्याचं नाव ऐकलं की हातभट्टीवाले डोंगर चढतात, त्या खात्याची ती जीप होती. एक साहेब आणि दोन शिपाई. साहेबांच्या छातीवरच्या पट्टीवर इंद्रजित एवढं मला वाचता आलं.

“भट्टी कुणाची?”

“ही भट्टी नाही. हे ऊर्ध्वपातन आहे,” मी म्हणालो.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. “बारा वर्षं या नोकरीत आहे. काढा म्हणतात, गुलाबपाणी म्हणतात, म्हशीचं औषध म्हणतात. ऊर्ध्वपातन पहिल्यांदा ऐकलं.”

त्यांनी कॅन पाहिला, नळी पाहिली, कणीक पाहिली. कणकेवर त्यांची नजर जरा थांबली. तिथं त्यांना ओळखीचं काहीतरी भेटलं असावं. मी सेवानिवृत्तीचं ओळखपत्र काढलं. नलूने सांगितलं की आमच्या घरी कुणी सुपारीसुद्धा खात नाही. साहेब म्हणाले, ते पंचनाम्यात घेऊ, आणि दगडावर बसले. शिपाईही बसले. चूल पेटलेली होती, तिसरा घाणा चालू होता, आणि तो मध्येच विझवला तर पाला वाया जाईल असं मी म्हटल्यावर, का कोण जाणे, साहेब म्हणाले, “होऊ द्या.”

मग आम्ही सगळेच थेंबांकडे बघत बसलो. एका शिपायाने बूट काढले. दुसरा पंचनामा लिहीत होता आणि साहेब सांगत होते, पण सांगणं मंदावत चाललं होतं. “सदर ठिकाणी... डोंगराच्या कुशीत... मंद झुळूक वाहत असून...” लिहिणारा थांबला. “साहेब, मंद झुळूक लिहू?” साहेबांनी डोळे उघडले. “काढा ते.” मग थोड्या वेळाने, “राहू द्या. आहे ना झुळूक?” मग ते मला सांगू लागले की त्यांना खरं तर शिक्षक व्हायचं होतं, भूगोलाचे, नकाशात नद्या रंगवायला त्यांना फार आवडायचं. धोंडाबाईंनी त्यांना चहा दिला. उन्हं कलली.

तिसरा घाणा संपला. मी नरसाळ्याची तोटी फिरवून पाणी सोडलं आणि तेल बाटलीत धरलं. बावीस मिलिलिटर. मागितल्यापेक्षा दोन जास्त. मी बाटली उजेडात धरली आणि सगळे, शिपाईसुद्धा, तिच्याकडे बघत होते.

साहेब उठले. अंगावरची धूळ झटकली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं खातंही जागं झालं.

“माझा तुमच्यावर विश्वास आहे,” ते म्हणाले. “पण नमुना न्यावा लागेल.”

“थोडा घ्या. दोन थेंब.”

“मिळालेला सगळा द्रव जप्त, असा नियम आहे. तपासणी होऊन परत मिळेल.”

बाटलीला लाख लागली, लाखेवर मोहोर उमटली. कॅन, नळी, नरसाळं जीपमध्ये गेलं. मागे उरला उकळलेला पाला आणि पातेलीभर काळं पाणी. जीप वळणाआड गेली तरी मी हात पुढे करून उभा होतो, बाटली धरल्यासारखा. नलूने तो हात खाली घेतला.

भोरला ही बातमी माझ्या आधी पोचली. कुमारने ती सात मिनिटांच्या आत सगळ्यांना सांगितली. मंडईत एका सभ्य गृहस्थाने मला बाजूला घेऊन, ‘एखादी बाटली जमेल का?’ असं विचारलं. आमचे माजी विभागप्रमुख भेटले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, “निवृत्तीनंतर छंद हवाच, आनंदराव.” मी पंधरा दिवस घराबाहेर पडलो नाही. सुलक्षणाचा फोन येई, तो मी वाजू देई. खात्याकडे तीन पत्रं पाठवली. पुढे जूनमध्ये उत्तर आलं, ते इथंच सांगून टाकतो: नमुन्यात मद्यार्क आढळला नाही, नमुना तपासणीत संपला.

चैत्रात चिमाजींनी बोलावलं, तुमची झाडं येऊन बघा म्हणून. मी गेलो तो उरलेली रोपं उपटून विषय संपवायला. धोंडाबाई अंगणात घमेल्यात पाय बुडवून बसल्या होत्या. घमेल्यातलं पाणी काळं होतं.

“तुमचंच पानी,” त्या म्हणाल्या. “तवाचं. टाकवलं न्हाई. शेळीचा खूर चिघळला व्हता, त्याला लावलं, बरा झाला. मंग म्हनलं आपल्या भेगांना लावावं.”

“तेव्हाचं? महिना झाला असेल!”

“तेच तर सांगती मास्तर. मडक्यात ठिवलंय. भाताची पेज दुसऱ्या दिसाला आंबती. ह्ये महिना झालं, वरती बुरा न्हाई, वास न्हाई, आळी न्हाई. म्या रोज झाकन काढून बगती. आदी वाटलं आज नासंल, उद्या नासंल. नासतंच न्हाई. ह्यात कायतरी हाय, जे नासू देत न्हाई.”

मी मडक्यात वाकून पाहिलं. चैत्राच्या उकाड्यात पाल्याचं पाणी स्वच्छ काळं, कडू वासाचं, शांत पडलं होतं. त्यात माझा चेहरा दिसत होता. मी बावीस मिलिलिटरच्या मागे गाव, खातं आणि अब्रू एक केली होती, आणि ज्या अर्काचं नाव सुलक्षणाने पहिल्याच दिवशी तेलाच्या जोडीने घेतलं होतं, तो मी पातेल्यात टाकून निघून गेलो होतो.

सुलक्षणाला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली, मडक्यातलं पाणी नेलं, उभ्या झाडांची ताजी पानं नेली, रीतसर अर्क काढले. मी पुण्याला जाऊन तिच्या काचेच्या बशा धुतल्या. त्या माझ्याइतक्या स्वच्छ कुणी धुवू शकत नाही, हे मी अभिमानाने सांगतो. तीन जातींच्या जंतूंवर अर्क लावून पाहिला. दोन जातींनी त्याची काडीइतकीही दखल घेतली नाही. तिसऱ्या जातीच्या बशीत मात्र अर्काच्या ठिपक्याभोवती एक स्वच्छ कडं पडलं होतं. अकरा मिलिमीटर. धुक्यातून एकच जागा मोकळी झाल्यासारखं. आम्ही दोघं त्या कड्याकडे कितीतरी वेळ बघत होतो.

“काका,” सुलक्षणा लिहिता लिहिता म्हणाली, “अर्क टिकतो, नासत नाही, ही मूळ नोंद तुमचीच ना? सुरुवातीला तसं लिहावं लागेल.”

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. धोंडाबाई गुंजवण्यात होत्या आणि इंग्रजी निबंध त्या कधीच वाचणार नव्हत्या. ‘हो’ म्हणायला एक क्षण पुरे होता. तो क्षण मी घेतला. खोटं बोलणार नाही, एक नव्हे, पाच-सहा घेतले. पुन्हा ते सगळं डोळ्यांपुढे आलं, टाकीवर, डोंगरावर, ढगावर छापलेलं. पण या वेळी त्या ठळक अक्षरांशेजारी, कपाटाला टेकून कुणीतरी उभं होतं. नऊवारीत.

“नाही,” मी म्हणालो. “ती धोंडाबाईंची. रोज झाकण काढून त्यांनी पाहिलं. मी तर ते फेकून निघालो होतो.”

सुलक्षणाने मान वर केली. “मग त्यांचंही नाव लेखकांत.”

“माझ्या आधी,” मी म्हणालो, आणि लगेच पस्तावलोही. पण ते तसंच लिहिलं गेलं. घरी नलूला सांगितलं की मी तिसरा. ती म्हणाली, “तिसरे तर तिसरे. स्पेलिंग तेवढं बघून या.”

निबंध स्वीकारला गेला तोवर पावसाने गुंजवण्याचं सेज कुजवून टाकलं होतं. प्रकाशकाचा फॉर्म आला, तिन्ही लेखकांच्या सह्या हव्यात. मी तो घेऊन गेलो तेव्हा खाचरांत भात पिवळं पडू लागलं होतं. फॉर्ममध्ये पदवी, संस्था, ईमेल असे रकाने होते. पदवीचा रकाना धोंडाबाईंनी मला मोकळा ठेवायला सांगितला. संस्थेच्या रकान्यात म्हणाल्या, “गुंजवणे लिवा.” ईमेल नलूचा दिला.

मी बोटाने सहीची जागा दाखवली. त्यांनी पेन घेतलं नाही.

“ही सही कशापायी?”

“निबंध छापायला.”

“म्या सही शिकली ती धरनाच्या टायमाला,” त्या म्हणाल्या. “अंगठा नगं म्हनले, सही करा. चार दिस गिरवली. मंग केली. त्या सहीनं खालचं खाचर गेलं. दुसऱ्यांदा सही करायची येळ आलीच न्हाई. ह्या सहीनं काय जातंय?”

काही जात नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि फॉर्म वाचला. तो मी तोवर नीट वाचलेलाच नव्हता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या सहीने लेखाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे जातात.

“लेखाचे हक्क जातात,” मी म्हणालो.

“म्हंजी जातंयच की.”

चिमाजी खाली बघत होते. धोंडाबाईंचा आवाज मात्र शांत होता. “आन् पानी? झाडाचं पानी?”

“ते तुमचंच. कुणीही उकळावं, लावावं. आपण जे लिहिलंय ना, फक्त ते लिहिलेलं त्यांचं होतं.”

“सगळं वाचा. मंग बगू.”

मी अंगणात बसून निबंध पहिल्यापासून वाचला. इंग्रजी ओळ वाचायची, मराठीत सांगायची. अर्क म्हणजे काय, बशी म्हणजे काय, कडं किती. जिथं ‘स्थानिक शेतकरी महिलेने अशी नोंद केली’ असं आलं तिथं त्यांनी मला थांबवलं, ते पुन्हा वाचायला लावलं, आणि ‘महिना’ लिहिलंय तिथं ‘पस्तीस दिस’ करा म्हणून सांगितलं. त्यांनी मोजले होते. मी ते सुधारलं. दोन जंतूंवर काही झालं नाही, हे ऐकून त्या म्हणाल्या, “ते बी लिवलंय ना? बरं केलं.” खाली पाण्यावर ऊन सरकत होतं. वाचून झालं तेव्हा माझा घसा बसला होता.

त्यांनी हात पदराला पुसले आणि पेन मागितलं. अक्षर न् अक्षर सावकाश काढलं, रेघ मारली, मग अनुस्वार राहिला होता तो दिला, आणि मान तिरकी करून बघितलं.

“आता ह्याची झेराक्स आनून द्या मला,” त्या म्हणाल्या. “मागल्या टायमाला म्या मागितलीच न्हवती.”

झेरॉक्सचं दुकान वेल्ह्याला. वडाप निघून गेलं होतं. चिमाजींनी शेजाऱ्याची मोटारसायकल काढली, फॉर्म मी शर्टाच्या आत छातीशी धरला, आणि दिवेलागणीच्या आत आम्ही झेरॉक्स घेऊन परत आलो. रंगीत.